पूर्ववैमनस्य, सूड, घृणा : अन्यायाला नेमके नाव द्या



आंबेडकरी माणसावर सर्वात स्वस्तात होणारा आरोप कोणता, तर "तुम्ही द्वेष पसरवता." मनुस्मृती दहनाच्या दिवशी दोन ओळी लिहिल्या की द्वेष. भरतीतल्या अनुशेषाचा आकडा विचारला की द्वेष. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी २५ डिसेंबरला महाडची माहिती टाकली, तेव्हा एका काकांनी हात जोडल्याच्या चिन्हासह लिहिले, "मॅडम, आता आपण सगळे एकच आहोत. जुना द्वेष कशाला उकरून काढायचा?" मी त्यांना विचारले, काका, द्वेष नेमका कोणाचा? तेव्हा करणाऱ्याचा, की आज आठवण काढणाऱ्याचा? उत्तर आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे गुलाबाचे फूल आणि 'शुभ प्रभात' आले.

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, भाषाशास्त्राची नाही. पण गेली काही वर्षे मीरा-भाईंदरमध्ये घरकामगार आणि सफाई कामगार महिलांसोबत काम करताना, त्यांचे अर्ज आणि तक्रारी लिहून देताना एक गोष्ट पदोपदी जाणवते. आपल्यावर जे गुदरते त्या सगळ्याला आपण एकाच शब्दाच्या पोत्यात भरतो, 'द्वेष'. समोरचा शांतपणे म्हणतो, "माझ्या मनात कोणाबद्दल द्वेष नाही हो." आणि गंमत अशी की बऱ्याचदा तो खरेच बोलत असतो! त्याच्या मनात जे असते त्याचे नाव वेगळे असते, आणि ते नाव आपण घेत नाही.

मराठी या बाबतीत मुळीच गरीब नाही. राग येतो आणि जातो. चीड यायला काहीतरी अन्याय्य घडावे लागते. म्हणून आपण 'अन्यायाची चीड' म्हणतो, 'अन्यायाचा द्वेष' म्हणत नाही. डूख धरतो तो साप, आणि सापासारखा माणूस. खुन्नस ही आपल्या मुंबईकडची, ती डोळ्यांतच दिसते. हेवा म्हणजे तुझ्याकडे आहे ते मलाही हवे. मत्सर म्हणजे ते तुझ्याकडे असूच नये. असूया त्याहून बारीक, तुझ्या गुणातही खोट काढणारी. एखादा माणूस नजरेसमोर नकोसा झाला की 'तो याला पाण्यात पाहतो' म्हणतात. (आपल्या आजोबा-पणजोबांना पाण्यात पाहणे सोडा, पाण्यापर्यंतच जाऊ दिले नाही.)

आता वैर घ्या. वैराला दोन बाजू लागतात. भावकीत वैर असते, बांधावरून वैर असते, दोन वाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालते. वैरी तोलामोलाचा असतो. त्याचे नाव माहीत असते, त्याच्या ताकदीचा अंदाज घेतला जातो, जमलेच तर सोयरीक करून वैर मिटवताही येते. गावाने महारवाड्याशी 'वैर धरले' असे तुम्ही कधी ऐकले आहे का? मी नाही ऐकले. कारण वैर धरण्याइतकी बरोबरी गावाने मान्यच केली नव्हती.

तिथे दुसऱ्या घराण्याचे शब्द लागतात. तुच्छता, तिटकारा, किळस, शिसारी, घृणा. या शब्दांना राग लागत नाही. झुरळ दिसले की आपल्याला राग येत नाही, किळस येते. 'तिरस्कार' हा शब्द तर मुळातच बाजूला सारणे, दृष्टीआड करणे या अर्थाचा आहे. गावकुसाबाहेरची वस्ती हा तिरस्काराचा अगदी शब्दशः नकाशा म्हणावा लागेल. 'घृणा' शब्दाची कथा अजून विचित्र. संस्कृतात त्याचा एक जुना अर्थ दया, कळवळा असा आहे. म्हणून तर वर्तमानपत्रात 'निर्घृण हत्या' छापून येते, म्हणजे दया नसलेली हत्या. पुढे तोच शब्द किळसेच्या अर्थाने रुळला. दयेपासून किळसेपर्यंत हा शब्द कसा घसरला हे भाषेचे अभ्यासक सांगतील. मला एवढेच दिसते की आपल्याकडे दया करणारा आणि नाक मुरडणारा हे अनेकदा एकच घर असते.

माझी आई या सगळ्यासाठी एकच शब्द वापरते, 'इटाळ'. लातूरकडच्या तिच्या लहानपणी पाटलीणबाई वरून पाणी ओतायच्या आणि वर विचारायच्या, "पोरी, शाळेत जातेस का?" प्रेमानेच विचारायच्या. आई अजून सांगते, "बाई वाईट नव्हती, इटाळ वाईट होता." समाजशास्त्राच्या वर्गात दोन वर्षे बसून मला जे कळले ते आईने एका वाक्यात सांगितले होते.

महाडकडे या नजरेने पुन्हा एकदा पाहा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्यायली. त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. त्याच दिवशी, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून जमावाने परिषदेच्या लोकांना काठ्यांनी मारले. आणि नंतर तळ्यातले पाणी घागरींनी उपसून, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मंत्र म्हणत ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. पहिल्या गोष्टीत राग आहे, हिंसा आहे. तिला कोणीही गुन्हा म्हणेल. दुसऱ्या गोष्टीत एकही चिडलेला माणूस नाही. सोवळे नेसलेले, स्नान केलेले, शांत चित्ताचे लोक आहेत. शत्रूने हात लावलेली वस्तू कोणी शुद्ध करून घेत नाही, ती परत जिंकतात. शुद्ध करतात ते विटाळलेली वस्तू. मला विचाराल तर महाडचा मोठा गुन्हा काठीचा नव्हता, घागरीचा होता. काठीच्या जखमा काही दिवसांत भरल्या असतील.

हे सगळे जुने झाले असे ज्यांना वाटते त्यांनी आमच्या शहरात भाड्याने घर शोधून पाहावे. लग्न झाल्यावर आम्ही भाईंदर पश्चिमेला घर पाहत होतो. एका घरी मालकीणबाईंनी चहा दिला, खिडकीतून वारा किती छान येतो ते दाखवले, माझ्या नोकरीची चौकशी केली. मग आडनाव विचारले, मग गाव विचारले, मग "तुमच्यात खाण्यापिण्याचे कसे?" दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन, "मॅडम, पार्टी चांगली आहे, पण त्यांच्या नात्यातच कोणीतरी घ्यायचे म्हणताहेत." तो फ्लॅट पुढे चार महिने रिकामा होता, खाली 'भाड्याने देणे आहे'चा बोर्ड तसाच. कोणी आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. यात द्वेष दाखवा म्हटले तर मी कुठून दाखवू?

२०१५ च्या सप्टेंबरात पर्युषणाच्या काळात मीरा-भाईंदर महापालिकेने आठ दिवस मांसविक्री बंदीचा निर्णय घेतला होता, त्यावरून बरेच रणकंदन झाले. जैन बांधवांच्या व्रताशी माझे काही भांडण नाही. जो आपल्या ताटात काय असावे हे श्रद्धेने ठरवतो त्याचा मी आदरच करते. प्रश्न तिथे सुरू होतो जिथे एकाची किळस सगळ्या शहराचा नियम होते, आणि 'शाकाहारी सोसायटी' हा जात विचारण्याचा सभ्य मार्ग होतो.

काशीमीऱ्याकडची एक ताई सात वर्षे एकाच घरी काम करते. तिचा कप बाल्कनीत, कुंडीच्या मागे ठेवलेला असतो. चहा वरून ओतला जातो, कप तिने स्वतः धुऊन परत तिथेच ठेवायचा. मी विचारले, बाई कशा आहेत? म्हणाली, "लई चांगल्या. सात वर्षांत कधी आवाज चढवला नाही. दिवाळीला साडी देत्यात." तिला खोटे ठरवण्याचा माझा अधिकार नाही. बाई तिच्या शब्दकोशाप्रमाणे चांगल्याच आहेत. आणि कप कुंडीच्या मागे आहे.

बाबासाहेब शब्द किती मोजून वापरत याचे एक उदाहरण प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी जातींना राष्ट्रविरोधी म्हटले हे आपण सगळे सांगतो. कारणे काय दिली? जाती समाजजीवनात फाटाफूट आणतात हे एक. आणि दुसरे कारण सांगताना त्यांनी 'हेट्रेड' शब्द वापरला नाही. त्यांनी 'जेलसी' आणि 'अँटिपथी' असे दोन शब्द वापरले. मत्सर आणि तिटकारा. मला यात जातीची सगळी यंत्रणा दिसते. आपला माणूस खाली आहे तोवर त्याचा तिटकारा. तो शिकला, जमीन घेतली, पोरीला कॉलेजात घातले, गावात मान वर करून चालायला लागला, की तिटकाऱ्याला मत्सर येऊन मिळतो. तिटकारा दूर ठेवतो. मत्सर येऊन जाळतो, मारतो.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा. स्वतःची जमीन कसणारे, मुलांना शिकवणारे भोतमांगे कुटुंब. सुरेखा, प्रियंका, रोशन, सुधीर यांना गावातल्या जमावाने मारले. भैयालाल वाचले आणि २०१७ मध्ये गेले. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असे ठरवले. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा २५ वर्षांच्या कारावासात बदलली आणि जातीचे कारण नाकारले. मग कारण काय? सूड! आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात सुरेखा आणि प्रियंका यांनी आरोपींना ओळखले होते, म्हणून सूड.

सूड होता हे मी नाकारत नाही. पण साक्ष कोणी दिली म्हणून सूड? साक्षी तर सगळ्याच गावांत होतात. एखाद्या बड्या घरच्या बाईने तीच साक्ष दिली असती तर वकील लावला असता, दबाव आणला असता, फार तर भांडण केले असते. जमाव घरावर चालून गेला असता का? बायकांची विटंबना करून प्रेते कालव्यात टाकली असती का? सूड हा शब्द 'का' या प्रश्नाचे उत्तर देतो, पण 'इतके का' याचे देत नाही. 'इतके का' याचे उत्तर जात आहे. निकालपत्रात एक शब्द बसला आणि दुसरा बाहेर राहिला.

वर्तमानपत्रे आणि पोलीस डायऱ्या यांचा असाच एक लाडका शब्द आहे, 'पूर्ववैमनस्य'. 'पूर्ववैमनस्यातून तरुणावर हल्ला.' वाचणाऱ्याला वाटते दोन गटांचे काही जुने भांडण असेल, दोघांचेही थोडेथोडे चुकले असेल. वैमनस्य हा दुतर्फा शब्द आहे. एकतर्फी अत्याचाराला दुतर्फा शब्द लावला की जात आपोआप गायब होते, काही खोटे बोलावेही लागत नाही.

कायद्याचे शब्दही नीट वाचा. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(यू) मध्ये तीन शब्द शेजारी शेजारी आहेत : एनमिटी, हेट्रेड, इल-विल. शत्रुत्व, द्वेष, दुर्भावना. जुन्या दंड संहितेच्या १५३-अ मध्येही तेच त्रिकूट होते, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. तिन्ही शब्द गरम डोक्याचे. बाल्कनीतला कप यात कुठेच बसत नाही. अपमानाच्या कलमाला, ३(१)(आर) ला, 'सार्वजनिक दृष्टिपथात' ही अट आहे, आणि हितेश वर्मा प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान त्यात येत नाही. घरकामगार ताईचे तर सगळे आयुष्य चार भिंतींच्या आत जाते.

२३ ऑगस्ट २०२४ च्या शाजन स्कारिया निकालाचीही आपल्यात नुसती ओरड झाली, वाचला थोड्यांनीच. त्यात न्यायालयाने (यू) हे कलम समूहाविरुद्ध द्वेष पसरवण्यापुरते मर्यादित केले, एका व्यक्तीविरुद्ध नाही. हे आपल्याला अडचणीचे आहे. पण त्याच निकालात हेतुपुरस्सर मानहानी म्हणजे काय हे सांगताना अस्पृश्यता, जातीचा उच्चनीच भाव आणि शुद्ध-अशुद्धतेच्या कल्पना यांचा उल्लेख आहे. म्हणजे न्यायालय विटाळापर्यंत पोचले आहे. आपण मात्र अर्जात अजून 'द्वेषभावनेतून' लिहितो! आणि २०१६ पासून लागू झालेली एक दुरुस्ती तर प्रत्येकाला पाठ हवी. गंभीर गुन्ह्यांच्या कलम ३(२)(व्ही) मध्ये पूर्वी पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे 'या कारणावरून' गुन्हा केला, असे सिद्ध करावे लागे. आता ती अनुसूचित जातीची आहे हे 'माहीत असताना' केला, एवढे पुरते. आरोपीच्या मनात द्वेष होता की सूड, हे खणत बसण्याची गरज कायद्याने बरीच कमी केली आहे. खैरलांजीच्या वेळी हा शब्द नव्हता.

आता थोडे आपल्याबद्दल. विहारात भन्ते 'राग, दोस, मोह' म्हणतात तेव्हा मागे बसलेल्या मावशी 'राग' म्हणजे संताप आणि 'दोस' म्हणजे दोष समजतात. पालीत राग म्हणजे आसक्ती. आणि पाली 'दोस'मध्ये संस्कृतचे द्वेष आणि दोष हे दोन्ही शब्द येऊन मिसळले आहेत, त्यामुळे मावशी अगदीच चुकत नाहीत. पण या गोंधळातून आपल्या तरुणांत एक समज पसरतो की बौद्धाने चिडायचेच नाही, चिडला की शील मोडले. असे नाही. धम्म ज्याला मनाचे अकुशल कर्म म्हणतो तो व्यापाद आहे, म्हणजे दुसऱ्याचा नाश व्हावा ही इच्छा. अंगुत्तर निकायात तीन प्रकारच्या माणसांची उपमा आहे : एकाचा क्रोध दगडावरच्या रेघेसारखा, एकाचा जमिनीवरच्या, एकाचा पाण्यावरच्या. रेघ उमटतच नाही असा चौथा माणूस तिथे सांगितलेला नाही. अन्यायाची चीड आणि माणसाच्या नाशाची इच्छा यांतला फरक ज्याला कळत नाही, तोच आपल्याला द्वेष्टे म्हणतो.

पण ही फूटपट्टी आपल्यालाही लावा. आपल्या ग्रुपवर कोणाच्या शेंडीवरून, रंगावरून, उच्चारावरून जे विनोद फिरतात त्यांत चीड नसते, नुसती तुच्छता असते. वाल्मिकी किंवा मातंग समाजाच्या घरी चहा घेताना आपल्यातल्या काहींचे हात का आखडतात? २०२४ च्या जानेवारीत नया नगरमध्ये तणाव झाला, तेव्हा जे मेसेज पुढे पाठवले जात होते त्यांत 'घाण', 'कीड', 'साफ करा' असे शब्द होते. ते पुढे पाठवणाऱ्यांत निळी डीपी लावलेली पोरेही होती. हे रागाचे शब्द नाहीत. हे महाडच्या घागरीचे शब्द आहेत, आणि ते आपल्या पोरांच्या बोटांतून जात होते. याबद्दल आपल्या बैठकांत कोणी बोलत नाही म्हणून मी इथे लिहिते आहे. ज्यांना राग यायचा त्यांना येऊ द्या.

तक्रारीपुरते सांगायचे तर आमच्या गटाने एक पद्धत ठेवली आहे. 'जातीवाचक शिवीगाळ केली' असे मोघम लिहायचे नाही. शब्द जसा उच्चारला तसाच, कितीही घाणेरडा असला तरी लिहायचा. कुठे उभे होते, कोण ऐकत होते, कप कुठे ठेवला होता, पाणी कसे ओतले, हे लिहायचे. मनात काय होते ते लिहायचे नाही. ते आपल्याला माहीत नसते.

अलीकडेच एका सफाई कामगार ताईसोबत पोलीस ठाण्यात गेले होते. मुकादमाने चार बायकांसमोर तिला जातीवरून बोलून पाण्याच्या जारला हात लावू नको असे सांगितले होते. अंमलदाराने पहिल्याच ओळीत 'पूर्ववैमनस्यातून' टाइप केले. ताई म्हणाली, "साहेब, माझं त्याच्याशी काहीच वैर नव्हतं. कालपर्यंत नमस्कार घालत होते." तो शब्द काढायला पाऊण तास गेला. मुकादम बोलला ते वाक्य जसेच्या तसे आत गेले, जारही गेला. तपास सहायक आयुक्तांकडे आहे. साक्ष दिलेल्या दोघींपैकी एकीला लगेच दुसऱ्या प्रभागात, सकाळच्या पाळीतून रात्रीच्या पाळीत टाकले आहे. कलम १५-अ खाली तिच्यासाठी वेगळा अर्ज सोमवारी देणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी दहा वाजता भाईंदर स्टेशनबाहेर पूर्वेला भेटावे.